हौद्यात बसलेला सेन्सर

मी टायरच्या पोटात राहणारा सेन्सर बोलतोय. अंगठ्याएवढा जीव, हवा भरायच्या वॉल्व्हच्या बुडाशी आवळून बसवलेला. आत हवा किती आहे ते बघायचं आणि ड्रायव्हरपुढच्या छोट्या स्क्रीनला कळवायचं, एवढंच माझं काम. आंबेनळीच्या घाटात जे घडलं ते आठवलं की मला अजून धडकी भरते. त्या दिवशी मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो, आणि धडकी त्याचीच भरते.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा एका खोक्यात आम्ही चार भावंडं होतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या जितेशने आम्हाला घेतलं आणि गावी येऊन थोरल्या भावाच्या, महिपतच्या, पिकअपला बसवलं. चार चाकांत चौघं. माझ्या वाट्याला उजवं मागचं चाक आलं.

महिपतची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. वाडीतलं दूध, शेळ्या, कधी माणसं, सगळं त्याच्याच गाडीतून खाली यायचं. निघण्याआधी तो दांडक्याने चारही टायर ठोकून बघायचा. भरल्या टायरचा आवाज टणक येतो, हवा गेलेल्याचा भद्द. पहिल्याच सकाळी ते दांडकं माझ्या डोक्यावर बसलं आणि मी केवढा दचकलो! जितेश हसला.

"दादा, आता ठोकाठोकी कशाला? स्क्रीनवर सगळं दिसतंय की."

महिपतने स्क्रीनकडे पाहिलं आणि दांडकं सीटमागे टाकून दिलं. मी फुशारून गेलो. माणसाने आपल्या शब्दावर एवढा विश्वास टाकावा, आणखी काय हवं?

पुढे आमचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले. महिपतने एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून चांगल्या टायरसकट चार रुंद चाकं घेतली आणि महाडला किशोरच्या टायरच्या दुकानासमोर गाडी लावली. नेमकी त्याच दिवशी महिपतची बहीण मीना बाळंत होऊन दवाखान्यातून सुटणार होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. आई साळूबाई बोचकी बांधून तिकडे बसलेली, आणि महिपतला कधी एकदा निघतो असं झालेलं.

चाकं बदलून झाल्यावर किशोर म्हणाला, "दादा, जुन्या चाकांतले सेन्सर काढून नव्यात घालायचे ना? टायर उघडायला लागतील. वेळ जाईल थोडा."

"आज नको रे. मीना ताटकळली असंल. ती जुनी चाकं मागच्या हौद्यात टाक. रिकामी गाडी घाटात लय उडते. मागं वजन असलं म्हंजी पोरीला हादरं बसायचं नायत."

घाटातले सगळेच ड्रायव्हर असं करतात. कोणी वाळूची पोती टाकतं, कोणी दगड. महिपतने आम्हाला टाकलं, तेही बहिणीच्या मायेपोटी.

"आन् त्या स्क्रीनचं काय?"

किशोर केबिनमध्ये डोकावला. "चारही आकडे येतायत."

"मग झालं तर."

झालं तर! दोघेही गाड्यांत वाढलेले, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. हौद्यात आडवे पडलेले आम्ही चौघं आमच्याच टायरांचे आकडे पाठवत होतो. खाली रस्त्यावर जी चाकं धावणार होती त्यांच्या पोटात कोणीच नव्हतं. मला तरी कुठे कळलं? सारा जन्म अंधारात गेलेला. गरगर फिरणं थांबलंय एवढं जाणवलं. पण गाडीच्या हादऱ्यांनी जाग होती, हवा पूर्ण होती, आणि मी इमानाने कळवत राहिलो.

दवाखान्यातून मायलेकींना आणि बाळाला घेऊन गाडी निघाली. पोलादपूर मागे पडलं, चढण लागली. केबिनची मागची काच उघडी होती, आतलं बोलणं ऐकू यायचं.

"महिपत, आज गाडी कशी मऊ चाललीय रे," साळूबाई म्हणाली.

"नवी चाकं हायत, आये."

"बाळ हललंसुदीक नाय, दादा," मीना म्हणाली.

मऊ! उजव्या मागच्या नव्या टायरमधली हवा वॉल्व्हमधून निसटत होती, गाडी त्या बाजूला बसत चालली होती, आणि आतली माणसं तिचं कौतुक करत होती. एका वळणावर मागचा भाग जरा झुलला. महिपतला शंका आली. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. उजवं मागचं चाक, हवा पूर्ण.

तो आकडा माझा होता. माझ्या शब्दावर त्याने गाडी पुढे काढली.

पुढच्याच वळणावर टायर रिमवरून निघाला. गाडीचा मागचा भाग दरीकडे फेकला गेला. हौद्यातली चाकं एकमेकांवर आदळत एका बाजूला गेली आणि मी हौद्याच्या फाळक्यावर आपटलो. मीनाची किंकाळी, दगडांवर पत्रा घासल्याचा आवाज, आणि मग सगळं थांबलं. कठड्याने गाडी धरली होती. त्याच्यापलीकडे फक्त खोल दरी.

"बाळ? मीना गो, बाळ?" साळूबाईचा आवाज फाटला.

"हाय, आये. हाय."

तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. त्या रडण्यासारखं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

दोघींना रस्त्याच्या आतल्या बाजूला बसवून महिपतने चाकांना दगड लावले. टायरच्या चिंध्या बघितल्या, मग स्क्रीन बघितली. हवा पूर्ण! "खोटारडं!" तो ओरडला. मी खोटारडा?

बदलायला म्हणून त्याने हौद्यातलं एक चाक खाली ओढलं. ते माझंच होतं. हवा आहे का बघायला त्याने वॉल्व्हची पिन खिळ्याने दाबून धरली. फुस्स! आणि तिकडे केबिनमध्ये पॅं पॅं सुरू झालं.

"दादा, डबा वराडतोय!" मीनाने उठून येऊन उघड्या दारातून आत वाकून बघितलं. "उजव्या मागच्या चाकाची हवा चाललीय म्हनतोय!"

महिपतने हात काढला. पुन्हा पिन दाबली. आकडा पुन्हा उतरला. त्याने माझ्या चाकावर हात ठेवला.

"ह्यो हितं व्हता," तो म्हणाला. "मागं, हौद्यात. आये, मी ह्याला इचारून गाडी चालवत व्हतो गो!"

साळूबाईने बाळाला छातीशी आणखी घट्ट धरलं. मीही हादरलो होतो. आपण खरं बोललो तरी त्यापायी माणसं मरू शकतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग मलाच लावून गाडी हळूहळू वाडीवर गेली. दुसऱ्या दिवशी किशोरने टायर उघडले, वॉल्व्हचे नवे रबर घालून आम्हा चौघांना नव्या चाकांत बसवलं. एकेका चाकाची हवा सोडून कोणाचा आकडा उतरतो ते स्वतः तपासलं. "आकडे मीपण बघितले होते, दादा," एवढंच तो बोलला.

आता मी रुंद चाकात आहे आणि पुन्हा गरगर फिरतो. ते दांडकंही सीटमागून बाहेर आलंय. महिपत रोज सकाळी टायर ठोकतो आणि हळूच विचारतो, "आत हायस ना रे?" माझ्या डोक्यात घण बसतात, पण आता राग येत नाही. मी आकडा पाठवतो. हाय, दादा.

माझी बॅटरी आतच सीलबंद आहे, ती बदलता येत नाही. एके दिवशी तुम्ही ठोकाल, विचाराल, आणि मी उत्तर देणार नाही. त्या दिवशी, महिपतदादा, गाडी हलवू नका.