विल्माने घेतलेला सूड

कचऱ्याच्या पिंपाचं झाकण लावायला वेळ कोणाला असतो? तुम्हाला नसतो, मला नसतो. विल्मा ट्रॅस्कला तर मुळीच नव्हता. आमच्या मोहावी वाळवंटात, हमरस्त्याला लागून तिची खानावळ. पहाटेपासून ट्रकवाले अंडी न् पॅनकेक मागत दारात उभे. उरलंसुरलं मागच्या पिंपात भिरकावायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. झाकण सताड उघडं!

एप्रिलमधल्या त्या सकाळी मात्र गिऱ्हाइकं ताटकळली. विल्मा मागच्या अंगणापलीकडे, विजेच्या खांबाखाली गुडघे टेकून बसली होती. खांबावर डोमकावळ्यांचं घरटं. खाली वाळूत कासवाच्या पिल्लांची कवचं पडलेली, बिस्किटाएवढी. प्रत्येकाच्या पाठीला भोक आणि आतलं सगळं टोचून खाल्लेलं.

ती बर्थाची पिल्लं होती. बर्था म्हणजे तिथल्याच बिळात राहणारी कासवीण. विल्माच्या नवऱ्याचा, हार्लनचा, तिच्यावर फार जीव. हार्लन गेल्यावर विल्माला मनातलं बोलायला बर्थाच उरली होती. पानगळीच्या दिवसांत अंडी फुटली, तेव्हा ही बाई त्याच्या थडग्यापाशी जाऊन सांगून आली होती, "अरे, तुझ्या बर्थाला पिल्लं झाली बरं का!"

आता तिने तडक घरात जाऊन हार्लनची बंदूक काढली.

तेवढ्यात ओपल आली. ओपल हार्लनची बहीण. कासवं रस्त्यावर येऊन चिरडली जाऊ नयेत म्हणून हमरस्त्याकडेने जाळी लावली आहे, ती तपासायचं तिचं काम.

"बंदूक खाली ठेव, विल्मा."

"कॉफी किटलीत आहे. ओतून घे आणि गप्प बस."

"डोमकावळा मारला तर खटला भरतात, ठाऊक आहे ना?"

"भरू देत! तुरुंगात निदान आयतं जेवायला मिळेल. पण या मेल्यांना मी सोडणार नाही. एकेकाला खाली पाडीन आणि त्यांच्याच पिल्लांसमोर पाडीन!"

"दोन पाडशील, चार येतील. त्यांना इथे बोलावतंय कोण, ते बघ आधी."

"मी आमंत्रण धाडलंय का?"

"थोडा वेळ माझ्याजवळ बस. मग खुशाल झाड गोळी. मी तोंड फिरवून उभी राहीन."

दोघी मागच्या पायरीवर बसल्या. विल्माच्या मांडीवर बंदूक होतीच. घरट्यातला एक डोमकावळा उतरला तो थेट पिंपावर. बटाट्याचे तळलेले तुकडे चोचभर घेतले आणि पिल्लांना नेऊन भरवले.

"चोर मेला!" विल्मा पुटपुटली.

दुसरा मात्र बर्थाच्या बिळाकडे गेला. बिळाजवळ निळं पातेलं होतं. कासविणीला तहान लागेल म्हणून हार्लनने ठेवलेलं. तो गेल्यापासून विल्मा ते रोज सकाळी न चुकता भरायची. डोमकावळा काठावर बसून यथेच्छ पाणी प्याला. मग मान वाकडी करून त्याने शेजारच्या पिवळ्या फुलांत पाहिलं. तिथे काहीतरी हललं.

एक पिल्लू उरलं होतं!

विल्मा बंदूक टाकून धावली. ओरडत, ॲप्रन भिरकावत! डोमकावळा उडाला. ती पिल्लाला उचलणार, तोच ओपल किंचाळली, "हात लावू नकोस! घाबरलं की पोटात साठवलेलं पाणी सोडून देतं. त्याच पाण्यावर त्याला पुढच्या पावसापर्यंत काढायचंय."

विल्मा तशीच ओणवी राहिली. "पोटात पाणी असतं? मग... हे पातेलं?"

"त्यातलं पाणी कोण पितं, आत्ताच पाहिलंस."

"माझ्या हार्लनला नावं ठेवतेस?"

"तो माझाही भाऊ होता गं. त्याने माया केली. पण आपल्या लहानपणी इथे डोमकावळे होते का इतके? या रखरखाटात त्यांना जगवलं आपल्या खरकट्याने आणि आपल्या पाण्याने. पोटभर जेवून वर तोंडी लावायला कासवाची पिल्लं! कवच टणक व्हायला वर्षं लागतात, विल्मा. तोवर ती वाचणार कशी?"

अरे देवा! ज्यांचा जीव घ्यायला ती निघाली होती, त्यांना रोज तीच जेवूखाऊ घालत होती!

विल्मा खूप रडली. मग तिने हार्लनचं पातेलं उचललं, पालथं केलं आणि काखेत मारलं.

"ओपल, उपाशी ठेवलं तर खटला भरतात का?"

"नाही बाई."

"मग बघच आता!"

दुपारच्या आत पिंपाला झाकण बसलं आणि झाकणाला साखळी. गळणारा कूलर दुरुस्त झाला, त्याखाली साचणारं पाणीही बंद. मग ती गावभर फिरली. पेट्रोल पंपवाला ऑर्विल हसून म्हणाला, "एक झाकण उघडं राहिलं तर काय बिघडतं, विल्मा?" तिने खिशातून भोक पडलेलं कवच काढलं आणि त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. ऑर्विलचं हसू मावळलं. संध्याकाळी त्याच्याही पिंपाला साखळी होती. बाहेरच्या बाकावर कोणी पावाचा तुकडा टाकला तरी विल्मा कालथा घेऊन धावते, आणि हा मार मी स्वतः थोडक्यात चुकवला आहे.

यंदाच्या वसंतात खांबावरचं घरटं रिकामं राहिलं. पिवळ्या फुलांत ते पिल्लू हिंडताना दिसलं. विल्मा थडग्यापाशी गेली. "हार्लन, सूड घेतला रे," ती म्हणाली, "पण तुझं पातेलं आता माझ्या स्वयंपाकघरात राहील."

नागरिकहो, राग जरूर येऊ द्या. पण शत्रूवर नेम धरण्याआधी त्याला पोसतंय कोण, ते एकदा आपल्याच परसात जाऊन बघा. आणि परत येताना पिंपाचं झाकण लावा.