मी पाला नव्हे, वाटाणा आणि तांदूळ

मी बोलतेय ती स्वयंपाकघरातल्या फळीवरून, मिठाच्या बरणीशेजारून. मी प्रोटीनची भुकटी. डब्यावर मोठं हिरवं पान छापलंय, त्यावर जाऊ नका. ते छापताना मला कुणी विचारलं नव्हतं.

माझा जन्म सांगते. पिवळे वाटाणे सोलून दळले, पाण्यात कालवले, पिठूळ भाग बाजूला काढला आणि उरलेलं सत्त्व वाळवलं. तांदळाचंही तसंच. मग दोघांना एकत्र केलं, कारण वाटाण्यात जे कमी पडतं ते तांदळात असतं, आणि तांदळात कमी पडतं ते वाटाण्यात. वर थोडा कोको, दाटपणाला गवारीच्या बियांचा डिंक, गोडीला एका झुडपाच्या पानांचा अर्क, चिमूटभर मीठ. संपलं. यात लाजण्यासारखं काय आहे? डब्याच्या पाठीवर सगळं लिहिलंय. अक्षरं मुंगीएवढी आहेत, तो दोष माझा नव्हे.

काळी नदीत राफ्टिंगला आलेल्या बेंगळूरच्या एका पाहुण्यानं मला गणेशगुडीला आणलं. त्याची होडी सुदेश चालवत होता. बोलता बोलता सुदेशनं सांगितलं, आई तापातून उठलीय, अंगात जोर नाही. जाताना पाहुण्यानं मला न उघडताच त्याच्या हातात ठेवलं.

त्याची आई रुक्मिणी. गेल्या पावसाळ्यात सुदेशची होडी उलटली आणि तो बराच वेळ वर आला नाही, तेव्हा काठावर उभ्या उभ्या ती नवस बोलली होती. पोरगं वर येऊ दे, उळवीच्या जत्रेपर्यंत सोमवार धरीन आणि देवा, तिथं तुझ्या दारी चालत येईन. पोरगं आलं. सोमवार चालू झाले. इकडे सोमवारच्या उपासाला भात नाही, डाळ नाही. कणगीचा कंद नाहीतर सुरण उकडायचा आणि तेवढ्यावर दिवस काढायचा. पण तापानंतर तिला विहिरीवरून घागर आणवेना. उळवीपर्यंत चालणार कशी, हा घोर घरात सगळ्यांना होता आणि बोलत कुणी नव्हतं.

सुदेशनं डब्यावरचं पान बघितलं, भुकटीचा मातकट रंग बघितला आणि ठरवून टाकलं.

"आये, झाडपाल्याचं हाय हे. कंद वाळवून कुटल्यागत. उपासाला चालतंय."

आणि दर सोमवारी मला दुधात कालवून द्यायला लागला. बाकीच्या दिवशी भात असतोच की, असा त्याचा हिशेब. रुक्मिणीच्या तोंडावर थोडी कळा आली. मला बरं वाटलं. का वाटू नये?

मग एका सोमवारी शेजारची केशर विरजण मागायला आली. केशरला विरजण कमी आणि बातमी जास्त लागते. पण बाई मायेची. रुक्मिणी तापानं पडली होती तेव्हा पेज तिनंच भरवली.

"काय पितीस गं अक्का?" म्हणत तिनं पेला हातातून घेतला, वास घेतला, एक घोटही घेतला. "ह्याला वाटाण्याचा वास मारतोय. सुदेश, पाठीवरचं वाच बघू. मोठ्यानं."

सुदेश डबा उजेडाकडे धरून वाचायला लागला. "वाटाणा."

"फुडं."

"तांदूळ." हे त्यानं इतकं हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं. पण केशरच्या कानांना कोण चुकवणार?

"म्हंजे सोमवारी तू आमटी-भात पीत हुतीस व्हय?"

सुदेशचा चेहरा पडला. "मला काय ठावं? वर पान हाय की." त्यानं मला उचललं. "शेणाच्या खड्ड्यात टाकतो हे."

टाक. पण खोटं मी बोलले नव्हते.

"ठेव खाली," रुक्मिणी म्हणाली.

"आये, तुझा नवस मोडला."

"पैल्यापासनं धरावं लागतंय अक्का," केशर म्हणाली. "माझ्या मावशीनं तसंच केलेलं."

"तुझ्या मावशीला ताप आल्ता काय? मी न्हाई धरणार. मी फसवून न्हाई खाल्लं, फसून खाल्लं. देवाला इचारायचं आसंल तर मला इचारू दे. तितं जाऊन हुबी ऱ्हायाला पायांत बळ पायजे का नको?"

केशर नुसतं विरजण घेऊन घरी गेली. तिच्या बाबतीत ही मोठी गोष्ट.

त्या दिवसापासून वार बदलले. सोमवारी कणगी, बाकी रोज मी. मी संपत आले तसं सुदेश म्हणाला, नवा डबा मागवू. रुक्मिणी म्हणाली, "कशाला? वाटाणा घरात हाय, तांदूळ घरात हाय. भिजत घाल." मला राग आला. पण खरं तेच होतं. तिच्या अंगात ताकद नव्हती तेव्हा मी पटकन पोटात जाण्यासारखी होते, एवढंच माझं मोठेपण, आणि ते मी कुणाला काढून घेऊ देणार नाही.

आज पहाटे माझा शेवटचा चमचा तिच्या दुधात गेला. डबा रिकामा आहे, उद्या यात कुणी मिरच्या भरील. रुक्मिणी उळवीच्या वाटेला लागली, सोबत केशर. भेटेल त्याला केशर सगळं सांगत जाईल, देवाच्या दारातही आधी तीच तोंड उघडेल. सांगू दे. रुक्मिणी मान खाली घालून चाललेली नाही.