जेन हारवुड, विधवा

"काकू, सिस्टीम म्हणतीये ती बाई विधवा नाहीये," अंकुर म्हणाला आणि हातातला कॉफीचा कप त्याने नेमका मृणालिनीच्या कागदांवर ठेवला.

मृणालिनीने आधी कप उचलून बाजूला ठेवला, मग चष्मा काढला. कामाची गरज असली की अंकुर तिला 'मॅम' म्हणायचा आणि तिने गप्प बसावं असं वाटलं की 'काकू'. आज सकाळपासून त्याचं काकू काकूच चाललं होतं.

"कोण बाई?"

"ती जेन हारवुड. फेब्रुवारी सोळाशे चाळीसमध्ये विडो आहे आणि नोव्हेंबर सोळाशे चाळीसमध्ये वाइफ ऑफ थॉमस. आधी विधवा, मग बायको. नॉट पॉसिबल, ना? म्हणून सिस्टीमने विडोचं वाइफ केलं. एरर गेली. तुम्ही फक्त साइन-ऑफ द्या. बाराला डिलिव्हरी आहे, फ्रायडे आहे, यल्ला, आटपा."

मृणालिनीच्या डोक्यात तिडीक गेली. या एका गोष्टीवर तिने गेल्या महिन्यात त्याला सहा मेल पाठवले होते. सहाही मेलना 'नोटेड' असं उत्तर आलं होतं.

आखाती देशातल्या अल मनखूल भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ही कंपनी होती. जगभरातले जुने कागद संगणकावर चढवून द्यायचं काम. दीड वर्षापासून इंग्लंडातल्या एका ग्रंथालयाचं काम चालू होतं: हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या कामकाजाच्या जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या रोजच्या नोंदी. संगणकाने पानं वाचायची आणि मृणालिनीने ती मूळ पानांच्या फोटोंशी ओळ न् ओळ ताडून बघायची. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी 'तपासणारी: मृणालिनी कारखानीस' असं लिहिलेलं असायचं. त्या सहीशिवाय गठ्ठा पुढे जात नसे.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं तिने पुण्यात एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. मग अरुणला खोर फक्कानच्या बंदरात नोकरी लागली आणि ती मुलीला, आभाला, कडेवर घेऊन इकडे आली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. कागदाच्या जागी पडदा आला, पण दुसऱ्याच्या चुका शोधायचा धंदा काही सुटला नाही.

हे उमराव लोक तिला आता घरच्यासारखे झाले होते. सकाळी प्रार्थना, मग हजेरी. अमुक आजारी आहेत, तमुकांचा पाय दुखतो, कोणाला गावी जायला रजा हवी. मग एक विधेयक पहिल्यांदा वाचायचं, एक दुसऱ्यांदा, कोणाला तुरुंगात धाडायचं, कोणाला सोडायचं आणि उद्या नऊ वाजेपर्यंत सभा तहकूब. लॅटिनमधले वार तिला एका दुपारीत पाठ झाले होते, कारण चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र हा क्रम आपल्यासारखाच होता. सोसायटीच्या मीटिंगपेक्षा बरं चालतं यांचं, असं ती आभाला सांगायची. आभा फोनवरून मान वर न करता 'दॅट्स नाइस, आई' म्हणायची.

या मोठ्या माणसांच्या गर्दीत जेन हारवुड तीन-तीन ओळींपुरती यायची. नोव्हेंबरात तिचा पहिला अर्ज. नवरा थॉमस, छापखानेवाला, कसलंसं पत्रक छापलं म्हणून तुरुंगात आहे, आजारी आहे, त्याला जरा हवेशीर कोठडी मिळावी. सभागृहाने अर्ज समितीकडे दिला. डिसेंबरात पुन्हा तोच अर्ज, पुन्हा समिती. जानेवारीत पुन्हा. फेब्रुवारीत अर्ज आला तो 'जेन हारवुड, विधवा' या नावाने. नवऱ्याचे कपडे आणि कामाची हत्यारं परत मिळावीत, एवढंच मागणं होतं. ते मात्र सभागृहाने उभ्या उभ्या मान्य केलं.

"अंकुर, बस जरा. त्या काळी इंग्लंडात वर्ष जानेवारीत बदलत नव्हतं, पंचवीस मार्चला बदलायचं. म्हणून सोळाशे चाळीसचा फेब्रुवारी त्याच सालच्या नोव्हेंबरच्या नंतर येतो."

"काकू, फेब्रुवारी नोव्हेंबरच्या नंतर कसा येईल? सेम इयर आहे."

"तुझी आई पाडव्याला काय करते?"

"गुढी. बाल्कनीत. मग वॉचमन येतो काढायला सांगायला."

"त्या दिवशी आपलं वर्ष बदलतं. मग संक्रांत वर्षाच्या सुरुवातीला येते की शेवटी?"

अंकुरने विचार केल्यासारखं केलं. "काकू, आय वॉज बॉर्न इन शारजा."

मृणालिनीने कपाळावर हात मारला. "अरे, तू डेट लावून सॉर्ट केलंस आणि वर्षाचा शेवट उचलून सुरुवातीला ठेवलास. आता आधी त्या बाईला नवऱ्याचे कपडे मिळतात आणि मग नवरा तुरुंगात पडतो. साठ-बासष्ट बैठका उलट्या बसल्यात."

"टेम्प्लेट क्लायंटने अप्रूव्ह केलंय. गोऱ्यांना त्यांच्या कॅलेंडरचा प्रॉब्लेम नाही, तुम्हाला काय?" तो उठला आणि जाता जाता आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं रिन्यूअल पण आहे ना जूनमध्ये? आत्ता एस्कलेशन नको, काकू. तुमच्यासाठीच सांगतोय."

तो खरंच तिच्यासाठी सांगत होता, हेच जास्त चीड आणणारं होतं. पोरगा वाईट नव्हता. त्याला फक्त पडद्यावर लाल काही दिसलं की ते हिरवं करायचं असायचं.

तिने आभाला फोन लावला. आभा टॅक्सीत होती.

"आई, जस्ट साइन इट. हू इज गोइंग टू रीड इट?"

"मी वाचलंय ना."

"ओके, बट यू नीड द व्हिसा. प्लीज डोन्ट फाइट टुडे."

फोन ठेवते न ठेवते तोच ऑफिसच्या पोर्टलवरून मेल आला. रिन्यूअलसाठी आपली माहिती तपासा आणि 'बरोबर आहे' वर क्लिक करा. मृणालिनीने उघडून पाहिलं. नाव बरोबर, पासपोर्टचा नंबर बरोबर, अल नहदाचा पत्ता बरोबर. वैवाहिक स्थिती: विवाहित. पतीचं नाव: अरुण कारखानीस.

अरुणला जाऊन चौदा महिने झाले होते. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, खोर फक्कानला, दुपारचं जेवण होऊन डबा धुताना. हे पोर्टल तेव्हापासून त्याला जिवंत ठेवून बसलं होतं. उन्हाळ्यात ती एचआरच्या समिधाकडे गेली होती. समिधा म्हणाली होती, 'ताई, बदलायचं तर शिक्के मारलेला मृत्यूचा दाखला लागतो, सगळी फाइल पुन्हा उघडते. विवाहितच राहू दे, काय फरक पडतो?' तेव्हापासून मृणालिनी भेटेल त्याला पोर्टलचा पाढा वाचून दाखवायची. या देशात म्हणे सगळं एका क्लिकवर होतं, फक्त माणूस मेलेला यांना कळत नाही. आभाच्या मैत्रिणींनासुद्धा ते तोंडपाठ झालं होतं.

तिने ती खिडकी बंद केली आणि पेन्सिल घेतली.

पावणेबाराला ती अंकुरच्या केबिनमध्ये शिरली आणि कागद त्याच्यापुढे टाकला.

"पाडवा सोड. वार बघ. प्रत्येक बैठकीच्या वर वार लिहिलेला असतो. तीन नोव्हेंबर सोळाशे चाळीस, मंगळवार. हे तुला मान्य आहे?"

"मॅम, आत्ता फिफ्टीन मिनिट्स आहेत."

"तेवढी पुरतात. तीन नोव्हेंबरपासून पुढे मोजत गेलं की आठ फेब्रुवारीला सोमवार येतो. तुझ्यासारखं मागे मोजलं तर आठ फेब्रुवारीला शनिवार येतो. लीप वर्ष धरून मोजलंय. आता फोटो उघड आणि त्यांनी काय लिहिलंय ते बघ."

अंकुरने नाइलाजाने फोटो उघडला. वेलबुट्टीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दिये लुने'.

"लुना म्हणजे चंद्र. सोमवार," मृणालिनी म्हणाली. "आता दुसरं कुठलंही पान काढ."

त्याने एक काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. मग वारांचा रकाना शेजारी घेऊन काहीतरी टाइप केलं. बासष्टच्या बासष्ट नोंदी लाल झाल्या. एवढं लाल त्याने आयुष्यात पाहिलं नसावं.

"हा वारांचा कॉलम होता आपल्याकडे?"

"दीड वर्ष आहे. मीच भरलाय."

"खलास," अंकुर म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. "क्लायंटला लिहितो, लेट होईल. मला शिव्या पडणार आज."

"पडू दे. मला घाबरवण्यापेक्षा त्या बऱ्या."

तो ओशाळून हसला आणि कामाला लागला. क्रम पूर्ववत व्हायला वीस मिनिटं लागली. आधी नोव्हेंबर, मग डिसेंबर, मग जानेवारी, मग फेब्रुवारी. वरती एका ओळीची टीप गेली, वर्ष पंचवीस मार्चला सुरू होतं अशी. ज्या एका ओळीसाठी महिनाभर घोडं अडलं होतं ती लिहायला त्याला अर्धं मिनिट पुरलं. जेनच्या नावापुढचा शब्द मात्र मृणालिनीने त्याच्या हातून कीबोर्ड घेऊन स्वतः बदलला. विडो. मग तिने गठ्ठ्याखाली आपलं नाव घातलं.

जागेवर येऊन बसली तेव्हा तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना. उलट स्वतःचाच भयंकर राग आला. चारशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या बाईला विधवा म्हणावं म्हणून ती सकाळपासून भांडली होती, आणि स्वतःच्या पोर्टलची खिडकी मात्र नुसती बंद करून टाकली होती. अरुणची आठवण आली. रोज येतेच ती. खाली रस्त्यावर जुम्याच्या नमाजाला निघालेल्या माणसांची गडबड होती आणि ऑफिसातली निम्मी माणसं बॅगा उचलत होती.

ती उठून समिधाच्या टेबलाशी गेली. समिधाने संगणक बंद करून पर्स खांद्याला लावली होती.

"समिधा, माझ्या प्रोफाइलमध्ये एक बदल करायचाय. मॅरिटल स्टेटस."

"आत्ता, ताई? रिन्यूअल दोन महिन्यांवर आलंय. फाइल उघडली की अडकून बसेल, मग मला म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"आणि दाखला? शिक्क्यांसकट लागतो तो. कोर्टकचेरीसारखी दारं फिरावी लागतात त्याला. कधी मिळेल, कधी नाही, इन्शाल्ला म्हणायचं आणि बसायचं."

मृणालिनीने पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यातला कागद चार घड्यांचा होता आणि घड्यांवर विरायला आला होता. तिने तो टेबलावर ठेवून हाताने सपाट केला.

समिधाने एकेका शिक्क्यावरून बोट फिरवलं. शेवटच्या शिक्क्याखालची तारीख तिने वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

"ताई, हा तर गेल्या वर्षीच्या मार्चमधलाच आहे."

"हो," मृणालिनी म्हणाली. "मीच दिला नव्हता."

समिधाने खांद्यावरची पर्स उतरवून खाली ठेवली आणि संगणक पुन्हा चालू केला.