परस्पर ठरलेला निरोप

बाळ दहा महिन्यांचं झालं आणि एका दुपारी ॲथलेटिक्स क्लबचे अध्यक्ष कारकुनाच्या घरी येऊन बसले. कारकुनाची बायको पोल व्हॉल्टमधली देशाची विजेती. लांबलचक काठी रोवून आडव्या दांडीवरून पलीकडे झेपावणारी. त्या वेळी ती मैदानावर सरावाला गेली होती.

"आता संसारात रमू द्या तिला," अध्यक्ष म्हणाले. "निरोपाचा झोकात सत्कार करू. मानानं बाजूला झालेलं बरं."

कारकुनाला ते पटलं. गेल्याच आठवड्यात तिचा घोटा सुजला होता. तो "चालेल" म्हणून मोकळा झाला.

संध्याकाळी तिला हे कळलं, तेव्हा ती काठी निसटू नये म्हणून हातांना लावलेली पांढरी पूड धूत होती.

"मला कोणी विचारलं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"भलं माझं, आणि बैठकीला मीच नाही?"

त्याची आत्या बाळाला मांडीवर थोपटत होती. तिचा सगळा जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. तिनं चष्म्यावरून भाच्याकडे पाहिलं. "तू बाप झालास, तेव्हा तुझ्या ऑफिसनं तुला निरोप दिला का रे?"

"माझी गोष्ट वेगळी, आत्या."

"वेगळी कशी? तुझी पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी तू खुर्चीत हजर. बाई आई झाली, की मात्र तिचं सगळं आटोपलं, असं दुसऱ्यांनीच ठरवायचं! दमली तर ती सांगेल. तोंड आहे तिला, आणि तुझ्यापेक्षा बरं चालतं."

त्या रात्री बाळाला कारकुनानंच झोपवलं.

सत्काराला ती गेली. अध्यक्ष तिच्याविषयी "होती, होती" असंच बोलत राहिले. मग ती माइकपुढे आली.

"फुलं घेते. निरोप घेत नाही. पुढच्या निवड चाचणीत मी उतरणार आहे."

कारकून उठला. म्हणाला, "चूक माझी आहे. तिला न विचारता मी हो म्हणालो होतो."

चाचणीत ती तिसरी आली. शेवटच्या उडीत गुडघा लागून दांडी पडली. संघात जागा दोघींनाच होती.

"म्हणत होतो ना मी," अध्यक्ष हळूच म्हणाले.

बाळाला कडेवर घेतलेला कारकून शांतपणे म्हणाला, "साहेब, थांबायचं कधी ते तीच ठरवेल. आम्हाला कळलं, की तुम्हालाही कळवू."

तिकडे ती काठी उचलून प्रशिक्षकांना पुढच्या स्पर्धेची तारीख विचारत होती.

मंडळी, आपणही घरोघरी हेच करतो. बाईच्या भल्याच्या नावाखाली तिच्या वतीनं परस्पर "हो" म्हणून टाकतो. ही सवय मोडायला हवी. आधी तिला विचारा. आणि ती "नाही" म्हणाली, तर ते ऐकून घ्यायची छाती ठेवा.