डाव्या अंगठ्यावरचे वण

माझ्या भावाची लेक थिंग-वेई बातमीदार आहे, पण कुठल्याच वर्तमानपत्राची नाही. जो बोलावील त्याच्यासाठी लिहिते, चित्रण करते. कोणी बोलावलं नाही तर इंटरनेटवरच्या आपल्या वाहिनीवर आपणच बोलते. अशा सुट्या माणसाला आमच्याकडे कामाचा विमा हवा असेल तर कुठल्यातरी कारागीर मंडळात नाव घालावं लागतं. तिच्या धंद्याचं मंडळ तैपेईत होतं, पण ते दोन संपादकांची पत्रं मागायचं. संपादक कामं द्यायचे, पत्रं द्यायचे नाहीत.

म्हणून आठ वर्षांपूर्वी मीच तिला आमच्या लुकांग गावच्या कंदील कारागीर मंडळात घातली. चाळीस वर्षं मी कागदी कंदील करते, मंडळाचा चिटणीस आमचा शेजारी. ‘आत्याच्या हाताखाली घरीच काम करते,’ असं लिहिलं, शिक्का पडला. आमच्या गल्लीतला शिकवणीवाला न्हाव्यांच्या मंडळात आहे, लग्नांत गाणारी फुलवाल्यांच्या. यात काही खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. छत्री कुणाच्याही नावाची असेना, डोकं झाकलं म्हणजे झालं.

गेल्या वादळात बंधारा फुटू लागला. ती ते टिपायला गेली. दगड घसरला आणि तिचा उजवा हात मनगटापासून चेपला. कॅमेऱ्याचा हात. डॉक्टर म्हणाले, वर्षभर काही उचलायचं नाही, पुढचं पुढे बघू. विमा मिळाला असता तर ते वर्ष निघालं असतं. दुसरा कसलाच आधार नव्हता.

अर्जात मी लिहून दिलं : कंदिलासाठी बांबू आणताना पडली.

मग विमा कचेरीचं पत्र आलं. तपासनीस घरी येणार. मध्ये चार दिवस होते. मी तिला समोर बसवली.

“बांबू कसला?”

“तीन वर्षांचा. कोवळा किडतो, जून तडकतो.”

“कामट्या आधी तासायच्या की भिजवायच्या?”

“आत्या, तू मला तपासनिसापुढे बसवणारेस की बोहल्यावर?”

“बोहल्यावर बसली असतीस तर ही वेळ आली नसती! बोल.”

ती हसली, आणि हसताना हात हलला म्हणून कळवळली. आमची आई काम करताना गायची ते मी गुणगुणत होते,

वाक गं कामटी, वाकताना रडू नको,
पोटात दिवा तुझ्या, कुणापाशी बोलू नको.

तपासनीस आले, ल्याओ नावाचे, साठीकडे झुकलेले. बूट दारात नीट जोडून ठेवले, चहा घेतला, तांदळाची वडी घेतली. एकेक प्रश्न विचारला. पोरीनं एकेक उत्तर दिलं, कुठं अडली नाही. माझ्या छातीवरचा दगड जरा हलला.

“डावा हात दाखवता?” ते म्हणाले.

“मोडलाय उजवा.”

“म्हणूनच डावा.”

त्यांनी तिचा तळवा उजेडाकडे फिरवला. गोरा, मऊ, दुधावरच्या सायीसारखा. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो पदराखाली घ्यावा तसा एप्रनखाली घेत होते, पण उशीर झाला होता.

“सुरी उजव्या हातात असते, घाव डाव्या अंगठ्याला बसतात,” ते म्हणाले. “तुमच्या अंगठ्यावर जागा उरली नाही, बाई. हिच्या अंगठ्यावर आठ वर्षांत एकही वण नाही?”

“जपून करते हो ती.”

“माझी सासू कंदीलवाली होती. जपून करणारी मी पाहिली नाही.”

त्यांनी तिचा हात अलगद खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “मुली, बंधाऱ्याचं तुझं चित्रण मी पाहिलंय, दगड घसरेपर्यंतचं. तू ओरडलीस म्हणून खालची वस्ती वेळेत हलली. माझा साडू तिथलाच.”

थिंग-वेईनं मान वर केली. “मग मी कामावरच होते ना, साहेब?”

“होतीस. ज्या कामाचा विमा आहे त्या कामावर नव्हतीस.” वडी त्यांनी अर्धीच ठेवली. “ते चित्रण लाखभर लोकांनी पाहिलंय. मी डोळे मिटले तरी त्यांचे कसे मिटू?”

पंधरा दिवसांनी कागद आला. विमा नामंजूर. शिवाय मंडळातलं तिचं नाव पहिल्या दिवसापासून रद्द. हात एका क्षणात मोडला होता. ही आठ वर्षं एका ओळीत मोडली.

“माझंच चुकलं गं,” मी म्हणाले.

“तू नाव घातलं नसतंस तरी दगड पडलाच असता, आत्या.”

पुढच्या महिन्यात दक्षिणेकडून नवं वादळ निघालं. तिचा फोन वाजला. कुणी संपादक होता. ती फक्त हो, हो म्हणत होती. फोन ठेवून तिनं डाव्या हातानं बॅगेची चेन ओढायला घेतली; ती मध्येच अडकली. मी उठून ओढून दिली. थांब म्हणायचं तोंड मला कुठं होतं?

“विम्याचं काही विचारलं का त्यानं?”

“नाही,” ती म्हणाली. “हेल्मेट आहे का विचारलं.”