मुसळाचं बूच

मित्रांनो, मी एक जुनं मुसळ आहे; खरं तर मुसळाचं बोटभर उरलेलं टोक. लेबनॉनच्या डोंगरातल्या एका अक्रोडापासून माझा जन्म झाला. चाळीस वर्षं मी वदादबाईंच्या दगडी उखळात किब्ब्याच्या वड्यांसाठी मटण कुटलं. पाहुणे बोटं चाटत. स्तुती मात्र मटणाची होई. मग घरात विजेचं यंत्र आलं आणि मी दाराचा टेकू झालो.

काल, मुलगी नहलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, माडीच्या फळ्यांच्या जमिनीला करंगळीएवढं भोक सापडलं. वदादबाईंचे यजमान मुल्हिम यांनी माझं टोक कापलं, तासलं आणि सरस लावून भोकात ठोकलं. एकाच घावात मी आत गेलो. मित्रांनो, जन्मभर कुटणाऱ्याला कळतं: घाव उलटून आला नाही, की खाली काहीतरी संपलेलं असतं.

“अहो, आवाज पोकळ येतोय.”

“पोकळ तुझ्या भावाचं डोकं. घर पन्नास वर्षं टिकलंय ना?”

भोकाभोवती साचलेला भुगा त्यांनी सरसात कालवला, फटी लिंपल्या. “बघ, भुगासुद्धा घरचाच!” घरचाच होता. तुळईचा होता. माझं डोकं माडीवर, शेपूट खाली स्वयंपाकघरात, आणि मध्ये वाळवी शांतपणे जेवत होती.

आज वऱ्हाड माडीवर आलं. ऐंशी पायांचा दबके नाच सुरू झाला. आमच्याकडे दबक्यात पाय हळू आपटला, तर मुलीवर माया नाही म्हणतात.

“आपटा की! जेवला नाहीत का?” मुल्हिम ओरडले.

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं लोक विचारतात. मुसळाला कुणी विचारत नाही. मी भ्यालो होतो. मला करता येण्यासारखं एकच होतं: पडणं. मी पडलो, थेट वदादबाईंच्या दह्याच्या पातेल्यात.

त्यांनी मला बाहेर काढलं, ओळखलं आणि वर पाहिलं. भोकातून भुगा झरत होता.

“अहो, नाच थांबवा! बूच पडलं!”

भोकात मुल्हिम यांचा डोळा आला. “नाच संपला की ठोकतो!”

नहलाला ओढून आणायला वदादबाई जिन्याकडे धावल्या. वरच्या ऐंशी पायांत दोन वाढले.

छत आता माझ्याकडे हळूहळू वाकतंय. मित्रांनो, भोक बुजवण्याआधी त्यात एक काडी घालून बघा. काडी आत जातच राहिली, तर कृपा करून नवरीला अंगणात नाचवा.