दोन सीटची गाडी

आप्पांनी गाडी घेतल्याचं घरात फक्त सुनेला माहीत होतं, आणि तेही त्यांचं तिच्याशी काम होतं म्हणून. ती एका गॅरेजमध्ये मिस्त्री होती. अकरा वर्षं तिने गाड्यांच्या पोटाखाली काढली होती. एका बुधवारी दुपारी आप्पा तिच्या कामाच्या जागी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मिस्त्रीणबाई, जेवणाच्या सुट्टीत एक पेशंट बघशील? घरी मात्र बोलू नकोस."

पेशंट दोन गल्ल्या पलीकडे, भाड्याच्या शेडमध्ये उभा होता. लाल, बुटकी, दोन सीटची गाडी. कापडी छप्पर, इंजिन सीटच्या पाठीमागे. वय चौदा वर्षं. तिसरा मालक आप्पा.

आप्पांनी नोकरीभर डोंगरातल्या रस्त्यांची मोजणी केली होती. तीस वर्षं ते सरकारी जीपच्या मागच्या फळीवर बसून आदळत होते आणि शेजारून भुर्रकन जाणाऱ्या अशा गाड्यांकडे बघत होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच्या नावावरची ठेव मोडली आणि ही आणली. माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी सांगितलं होतं की गुडघ्यांसाठी रोज फिरायला जातो. माई हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीतल्या नर्स. अजूनही आठवड्यातले तीन दिवस ड्युटीला जात. "रोज दोन तास चालून माणूस पोट कसं वाढवतो, हे एकदा डॉक्टरांना विचारायला हवं," असं त्या परवाच म्हणाल्या होत्या.

सुनेने गाडीभोवती एक चक्कर मारली, मग पुठ्ठा टाकून खाली सरकली.

"स्वस्तात पडली गं," आप्पा वरून म्हणाले.

"घ्यायला स्वस्तच पडते, आप्पा. पोसायला महाग पडते."

खालूनच तिने एकेक सांगायला सुरुवात केली. इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल पाझरतंय. सील चहाच्या किमतीचं, पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागणार. तो उतरवलाच आहे तर क्लचही बदलायचा, नाहीतर सहा महिन्यांनी परत तेच. मागची टायरं पुढच्यापेक्षा रुंद, त्यामुळे अदलाबदल करता येत नाही, आणि मागची जोडी दीड-दोन वर्षांत संपते. छपराच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती पाल्याने बुजलीत. पाऊस आला की पाणी सीटखाली जाणार, आणि सीटखाली काय आहे माहितीये?

"काय?"

"गाडीचा मेंदू. त्या मेंदूच्या भावात आपली आत्ताची घरची गाडी येते."

आप्पांनी छपराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग लहान आवाजात त्यांनी विचारलं, "आणि ब्रेक?"

सुनेने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं उरली होती. ब्रेकचे पॅड नवे दिसत होते. पुढचं झाकण उघडून तिने ब्रेक ऑईलची डबी पाहिली. आतलं ऑईल स्वच्छ, पाण्यासारखं. विकणाऱ्याच्या पावतीवर 'ब्रेक ऑईल बदलले' असं लिहिलेलं होतं. खरं म्हणजे गाडी उचलून, चाक काढून, चाकाजवळची एअर काढायची नळी सैल करून तिथला थेंब पाहायला हवा होता. नव्या पोरांना ती तेच शिकवायची. पण शेडमध्ये जॅक नव्हता, आणि गॅरेजमध्ये एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं.

"ब्रेक ठीक आहेत," ती म्हणाली.

रविवारी माई ड्युटीला गेल्या. सुनेचा नवरा जहाजावर, म्हणजे घरात दोघंच. आप्पा दारात किल्ली फिरवत उभे राहिले. "माझ्या घाटातून एक फेरी मारू. मी मोजलेला रस्ता आहे तो. माई चारला येते, त्याआधी परत."

चढताना गाडी सुरेख चालली. आप्पांनी छप्पर उघडलं होतं. उरलेसुरले केस उभे राहिले होते आणि दर वळणाला ते त्या रस्त्याची कुंडली सांगत होते. इथे कडा फोडला, इथे दुर्बिणीचा तिपाया दरीत गेला, इथे साहेब घसरून चिखलात बसले. माथ्यावर दोघांनी चहा घेतला. सुनेला वाटलं, असू दे बाई. माणसाने जन्मभर दुसऱ्यांसाठी रस्ते केले, आता एक त्याच्या वाट्याला येऊ दे.

उतार सुरू झाला तसे आप्पा रंगात आले. वळणापर्यंत वेग, वळणाला ब्रेक, पुन्हा वेग. पाचव्या वळणावर सुनेच्या नाकाला वास आला. जळकट, कडवट.

"आप्पा, गिअर खाली घ्या. ब्रेक तापलेत."

"आधी या टँकरच्या मागून सुटू दे."

पुढे एक दुधाचा टँकर रखडत चालला होता. समोरून कोणी नाही असं पाहून आप्पांनी तो मागे टाकला. रस्ता मोकळा झाला, उतार तीव्र झाला, आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला.

सुनेने त्यांचा पाय पाहिला. तो खाली गेला, आणखी खाली गेला, आणि फरशीला टेकला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

"अगं…" आप्पा म्हणाले.

"पाय उचला. पुन्हा दाबा. भराभर दाबा."

त्यांनी दाबलं. चौथ्या-पाचव्या वेळी पायाखाली किंचित काहीतरी लागलं आणि लगेच विरून गेलं. नळ्यांत ऑईल उकळत होतं, पाय नुसती वाफ दाबत होता. तिला ते डोळ्यांनी दिसत असल्यासारखं कळलं. पॅड नवे, डबी स्वच्छ, आणि आत सगळं जुनं, वर्षानुवर्षं पाणी प्यायलेलं ऑईल. डबीतलं तेवढं उपसून कोणीतरी वर नवं ओतलं होतं. तोंडाला पावडर लावून आजारी बाई बोहल्यावर उभी करावी तसं.

"दुसरा गिअर. आत्ता."

"इंजिन फुटेल."

"फुटू दे!"

आप्पांनी क्लच दाबला, दांडा ओढला. क्लच सोडताच पाठीमागे इंजिन किंचाळलं आणि दोघं पुढे फेकले गेले. वेग उतरला, पण पुरेसा नाही. सुनेने दोघांच्या मध्ये असलेला हँडब्रेक धरला, बटण अंगठ्याने दाबून ठेवलं.

"हा माझ्याकडे. तुम्ही फक्त स्टिअरिंग बघा. वळणात मी ओढणार नाही, सरळ रस्त्यावरच ओढेन."

वळण आलं. समोरून बस येत होती. आप्पांनी हॉर्न धरून ठेवला, बस कठड्याला चिकटली, आणि तिच्या अंगाचा पत्रा आप्पांच्या आरशापासून वीतभर अंतरावरून गेला. सरळ रस्ता लागताच सुनेने हँडब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मागची चाकं ओरडली. अंगठा तिने बटणावरून हलू दिला नाही. तो सुटला असता तर दांडा अडकून गाडी गरकन फिरली असती.

"पुढे किती उतार आहे?" तिने विचारलं.

आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण हा प्रश्न त्यांच्या नोकरीचा होता. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"या वळणानंतर मोरी. मोरीनंतर तीनशे मीटर सगळ्यात वाईट. त्याच्या खाली चौक आणि वस्ती."

"मोरीपाशी काही? शेत, वाळू, काहीही?"

"मोरीच्या पलीकडे डावीकडे खाणीचा रस्ता फुटतो. चढाचा." ते थांबले. "फुटायचा. बावीस वर्षांपूर्वी. खाण बंद झालीये. दगड टाकून बुजवला असला तर?"

"वस्तीत शिरण्यापेक्षा दगड बरा."

मोरी आली. आप्पा डोळे बारीक करून झाडोऱ्यात बघत होते. सुनेला तिथे रस्ता दिसेना. नुसती घाणेरीची झुडपं. ती ओरडणार इतक्यात आप्पांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. झुडपं काचेवर फटकारली, उघड्या छपरातून काटक्या अंगावर पडल्या, खालून खडी ताशासारखी वाजली. आणि गाडी चढू लागली. वेग उतरला. आणखी उतरला. एका ओबडधोबड कातळापाशी ती दमल्यासारखी उभी राहिली.

क्षणभरच. मग मागे घसरू लागली.

"पहिला टाका! बंद करा!" सुनेने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, पण तोही तापून निकामी झाला होता. आप्पांनी पहिला गिअर टाकून किल्ली फिरवली. गाडी एक झटका खाऊन अडकली. दार उघडून सुनेने उडी मारली आणि हाताला लागला तो धोंडा मागच्या चाकाखाली सरकवला. मग दुसऱ्या चाकाखाली दुसरा. मग ती तिथेच खडीवर बसली.

तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं.

पाऊण तासाने आप्पा उठले, आत बसले आणि ब्रेक दाबून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. "बघ! आला ब्रेक. दगडासारखा घट्ट. चल, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरू. माई चारला येईल."

"नाही."

"अगं, थंड झाल्यावर ठीक आहे ना?"

"थंड झाल्यावर ठीकच असतो. म्हणून तर फसतात माणसं." तिने हात आत घालून किल्ली काढून घेतली.

आप्पा खाली उतरले. सासरे म्हणून त्यांनी तिच्यावर आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. तो आता चढला. "किल्ली दे. गाडी माझी आहे. तुला सोबत आणलं ते डोक्यावर बसायला नाही."

"नाही देणार."

"तिला कळलं तर काय होईल ठाऊक आहे? तीन आठवडे मी खोटं बोललोय!"

"आणि मी बुधवारी बोलले." तिने किल्ली मुठीत आवळली. "मी ब्रेक तपासलेच नव्हते, आप्पा. डबीत डोकावून ठीक आहेत म्हटलं. चाक उघडलं नाही, घाई होती म्हणून. तुम्ही माझ्या भरवशावर आलात. ती बस… त्या बसमध्ये माणसं होती."

आप्पांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. सुनेला वाटलं, ते गाडी ओढून न्यायला कोणाला तरी बोलावत असतील.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "ड्युटी संपली का? हे बघ, आम्ही दोघं धडधाकट आहोत, ते आधी ऐक. मग बाकीचं सांगतो."

माई टॅक्सीने आल्या, नर्सच्या पांढऱ्या बुटांनी खाणीचा चढ चढून. आधी त्यांनी आप्पांची नाडी पाहिली, मग सुनेचा खरचटलेला तळवा. गाडीकडे त्यांनी शेवटी पाहिलं. दोघांचं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्याशी मी घरी बोलेन," त्या आप्पांना म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "आणि तू. बाटली स्वच्छ दिसली म्हणून शिरेत काय चाललंय ते पाहिलं नाहीस. आमच्याकडे असं केलं तर माणूस टेबलावरच जातो."

"हो, माई."

"परत करशील?"

"नाही."

"मग संपलं." त्यांनी पदर खोचला. "आता हिला न्यायचं कसं ते बघा."

ओढगाडीने ती गॅरेजमध्ये आली. त्या आठवड्यात घरात आप्पांशी फक्त कामापुरतं बोललं जात होतं. विकणाऱ्याचा फोन बंद होता. गाडी विकायला काढली, तेव्हा दोन जण गॅरेजमध्ये बघायला आले. त्यातल्या एकाला आप्पा ब्रेकचं सांगायला कचरले, तेव्हा सोबत आलेल्या माईंनी स्वतः सांगितलं. तो आल्या पावली परत गेला. गाडीला गिऱ्हाईक मिळेना, आणि ठेव तर मोडलेलीच.

"आधी नीट तर कर तिला," माई शनिवारी सुनेला म्हणाल्या. "मग विकायची का ठेवायची ते ठरवू."

ब्रेक ऑईल बदलायला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक ब्रेकच्या पेडलपाशी. आप्पा पुढे झाले, पण माईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः त्या बुटक्या सीटमध्ये शिरल्या. "हे काय, जमिनीवरच बसवलंय की," त्या पुटपुटल्या.

"दाबा," चाकापाशी बसलेली सून म्हणाली. "धरून ठेवा. सोडू नका. … आता सोडा."

पारदर्शक नळीतून ऑईल बाटलीत आलं. काळपट, गढूळ, बुडबुड्यांनी भरलेलं. सुनेने ती बाटली उचलून माईंना दाखवली. आप्पाही वाकून बघत होते. त्यांनी मान वळवली.

पहिलं चाक, दुसरं, तिसरं. दाबा, धरा, सोडा. तासाभराने चौथ्या चाकातून स्वच्छ ऑईल येऊ लागलं. सुनेने पाना ठेवला आणि कपाळ पुसलं.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"थांबा," माई आतून म्हणाल्या. त्यांचा पाय अजून ब्रेकवर होता. "पहिलं चाक पुन्हा उघड. मला परत एकदा बघायचंय."

सून पाना उचलून पहिल्या चाकाकडे सरकली.